सहीआधी माल बघ

सांगली

चि. मृणाल हिस,


सीए इंटरमीजिएटचे दोन्ही ग्रुप निघाले, फार बरे वाटले. आर्टिकलशिप पुण्याच्या मोठ्या फर्ममध्ये करावी की साताऱ्यातच, असे तू विचारलेस. माझे मत साताऱ्याच्या बाजूचे आहे.

२०२३ च्या नव्या योजनेपासून आर्टिकलशिप तीनऐवजी दोनच वर्षांची झाली. तेवढा काळ मोठ्या फर्ममध्ये एकाच कंपनीच्या दोन-चार खात्यांमागे जाऊ शकतो. आपल्याकडच्या फर्ममध्ये सकाळी दुकानदाराचे जीएसटी, दुपारी पतसंस्थेचे व्हाउचिंग आणि मार्चअखेर कारखान्याच्या गोदामात साखरेची पोती मोजणे, असे सगळे हाताखालून जाते. लिस्टेड कंपन्यांचे हिशेब पुण्यात जास्त बघायला मिळतात हे खरे, पण ते पास झाल्यावरही शिकता येतील. माल बघायची सवय मात्र आत्ताच लागायला हवी.

हरिपूरची हळदीची पेवे तुला ठाऊक आहेत. जमिनीत खोल खड्डे, तोंड बंद, वरून काहीच दिसायचे नाही. २००५ च्या महापुरात त्यांतली पुष्कळ बुडाली. व्यापाऱ्याच्या हाती उरली ती पावती. आज तोच प्रश्न तासगावच्या कोल्ड स्टोरेजमधल्या बेदाण्याचा आणि कारखान्यांच्या मालतारण कर्जाचा आहे. पावतीवरचा माल जागेवर आहे का? तोच माल दुसऱ्या बँकेकडे तारण नाही ना? थप्पी मोजताना पुढची रांग बघून मागची धरून चालू नकोस, मधली पोकळी तपास.

पतसंस्थेत गेलीस की कर्जाचे नवे-जुने शोध. ३१ मार्चच्या आत खाते भरलेले दिसते आणि एप्रिलमध्ये त्याच माणसाच्या, नाहीतर त्याच्या भावाच्या नावावर तेवढीच रक्कम उचललेली असते. ताळेबंदात थकबाकी कमी दिसते, वसुली मात्र झालेलीच नसते. मार्च आणि एप्रिलचे उतारे शेजारी ठेवून वाचलेस की हे लगेच कळते.

सहकारी संस्थेचे ऑडिट आर्थिक वर्ष संपल्यावर चार महिन्यांत पुरे करावे लागते. लेखापरीक्षक नेमते संस्थेची वार्षिक सभा, त्यामुळे ज्यांचे हिशेब तपासायचे त्यांच्याच घरी चहा होतो. चहा घे, पण शेरा बदलू नकोस. तुझ्या सहीवर कोण विसंबते ते लक्षात ठेव. २०२० च्या डिसेंबरमध्ये रिझर्व्ह बँकेने कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. पुरेसे भांडवल आणि कमाईची शक्यता नाही, हे एक कारण दिले. पाच लाखांपर्यंतच्या ठेवविम्यामुळे बहुतेक ठेवीदारांचे निभावले. त्याहून जास्त ठेव असणाऱ्यांना तो आधार पुरा पडत नाही, आणि त्यांतल्या कित्येकांची ती निवृत्तीची पुंजी असते. बँकेचा ताळेबंद हे लोक वाचत नाहीत, खालची सही बघून विश्वास ठेवतात.

फायनलला वेळ लागला तर खचू नकोस. पदवी हातात आली की सहकार खात्याची जी.डी.सी. अँड ए. परीक्षा दे, पतसंस्था आणि विकास सोसायट्यांच्या कामाला ती उपयोगी पडते. आर्टिकलशिपनंतरचे सहा महिने फक्त अभ्यासाला ठेव, त्यात दुसरे काही घेऊ नकोस.

पगार सुरुवातीला पुण्यापेक्षा कमी पडेल, त्याची तयारी ठेव. आणि पहिल्या ऑडिटला जाशील तेव्हा गोदामाची किल्ली कोणाकडे असते, हे आधी विचार.

तुझा,
मामा