पुण्याच्या आधी चंद्रपूरचा नकाशा बघा

सीईटीचा निकाल लागला की माझ्या टेबलासमोर दरवर्षी तेच. बाबांच्या हातात ऑप्शन फॉर्म, आईच्या मांडीवर फाइल, पोरगं मोबाइलमध्ये. "सर, याले कंप्युटरच पाह्यजे. नाही तर एआय. पुण्यात." तुला काय आवडतं, हे मी पोराला विचारतो, उत्तर बाबा देतात.

हल्ली मी एक आगाऊपणा करतो. नागपूर विभागातले सहा जिल्हे सांग, म्हणतो. नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर इथवर गाडी येते. १९८२ साली चंद्रपुरातून निघालेला गडचिरोली आणि १९९९ साली भंडाऱ्यातून निघालेला गोंदिया हमखास राहतात. तिथं काय पिकतं, काय निघतं, हा प्रश्न मग मी गिळतो.

खरं तर गोष्ट इथूनच रंगते. नागपूर शहर दोन खडकांच्या सीमेवर वसलंय. पश्चिमेला काळा बेसाल्ट, म्हणून वर्ध्याकडे काळी माती नि कापूस. पूर्वेला त्याहून कितीतरी जुने खडक, म्हणून भंडारा-गोंदियात धान आणि मालगुजारी तलाव. वर्धा खोऱ्यात कोळसा, तुमसर-रामटेक पट्ट्यात मँगनीज, एटापल्ली तालुक्यात सुरजागडचं लोहखनिज. (आणि त्या लोहखनिजावरून होणारे वादही. ते समजायलाही जमीन वाचता यावी लागते.)

म्हणूनच इंडियन ब्युरो ऑफ माइन्स, मँगनीज काढणारी मॉइल आणि कोळसा काढणारी वेकोलि यांची मुख्यालयं नागपुरात आहेत. भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागाचं कार्यालय सेमिनरी हिल्सला, मृदा सर्वेक्षणाची राष्ट्रीय संस्था अमरावती रोडला, उपग्रहचित्रांवर काम करणारं राज्याचं सुदूर संवेदन केंद्र व्हीएनआयटीच्या आवारात. ट्यूशनला जाताना पोरं या पाट्यांवरून रोज गाडी हाणतात.

या कार्यालयांत पोचायचा रस्ता लांबचा आहे, लपवत नाही. जिऑलॉजी घेऊन बीएस्सी, मग एमएस्सी, मग यूपीएससीची जिओ-सायंटिस्ट परीक्षा. जागा मोजक्या. मे महिन्यात हातोडा घेऊन उन्हात फिरावं लागतं, पोस्टिंग कुठंही पडतं. ज्याला एसीतली खुर्ची हवी त्यानं या वाटेला जाऊ नये. जेईई दिली असेल तर व्हीएनआयटीत मायनिंग आहे. भूगोलाची आवड असलेल्या कला शाखेच्या मुलांना जीआयएस, म्हणजे संगणकावरचे नकाशे, आहे. "पोरीचं काय?" हे विचारणाऱ्यांसाठी: भूमिगत खाणीतही तांत्रिक कामावर दिवसा जाण्याची मुभा महिलांना २०१९ सालीच मिळाली.

कंप्युटरला माझा विरोध नाही. ज्याला गणित नकोसं होतं, कोडिंग कधी करून पाहिलं नाही, त्याला शेजारच्याच्या पॅकेजपायी तिथं ढकलण्याला आहे. तीन वर्षांनी बॅकलॉग घेऊन तोच मुलगा परत माझ्याकडे येतो. तेव्हा बाबा सोबत नसतात.

परवा हे सगळं ऐकून एका पोरानं मोबाइल खाली ठेवला. "सर, सुरजागड इथून किती लांब?"

बाबा म्हणाले, "आधी फॉर्म भर."