लाजेपायी दुखणे अंगावर काढू नका



करमाळा तालुक्यातील पारधी वस्तीवर मी आरोग्याचा पाठ घेते. पाठ संपला की बायका पांगतात, एखादी मात्र मागे रेंगाळते. "सिस्टर, खाली लई खाज सुटती, पुटकुळ्या आल्यात," असे हळूच सांगते. अशीच एक भगिनी सहा महिने दुकानातून आणलेले स्टेरॉइडचे मलम लावत होती. खाज तेवढ्यापुरती दबायची आणि पुन्हा दुप्पट उसळायची. दवाखान्यात तपासल्यावर तिच्या रक्तात साखर वाढलेली निघाली. तिची बुरशी हटत नव्हती ती त्यामुळे.

अशा भगिनी थोड्या नाहीत. डॉ. राणी बंग व डॉ. अभय बंग यांनी गडचिरोलीतील दोन गावांत ६५० स्त्रियांची पाहणी केली. ती १९८९ साली 'लॅन्सेट'मध्ये छापून आली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होते, पण त्याआधी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के.

कारणे वेगवेगळी, म्हणून उपचारही वेगळे. दह्यासारखे पांढरे जाऊन खाज सुटत असेल, तर बहुधा बुरशी असते. तिच्यावर क्लोट्रिमाझोलची गोळी योनीत ठेवतात. पिवळट-हिरवे, फेसाळ व दुर्गंधीचे जात असेल, तर ट्रायकोमोनास असू शकतो. त्यात नवऱ्यानेही औषध घ्यावे लागते, नाहीतर आजार परत येतो. रात्री खाज वाढत असेल व घरात इतरांनाही असेल, तर खरूज समजावी. सर्वांनी एकाच वेळी औषध लावावे, कपडे-अंथरूण गरम पाण्यात धुऊन उन्हात वाळवावे. केसांच्या मुळाशी पुळी आली तर तो केसतोडा. मऊ चामखिळी विषाणूमुळे येतात. दुखरे पाणीदार फोड नागिणीच्या जातीच्या विषाणूचे असू शकतात. न दुखणारा व्रण गरमीचा असू शकतो. तो आपोआप बुजला तरी आजार शरीरात राहतो, म्हणून रक्त तपासावेच.

डेटॉलने किंवा साबणाने आतून धुऊ नये. दुसरीचे मलम वापरू नये. गरोदर असाल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही घेऊ नये. ताप, ओटीपोटात दुखणे, संबंधानंतर रक्त जाणे, न भरणारी जखम किंवा वाढणारी गाठ असेल, तर त्याच दिवशी सरकारी रुग्णालय गाठावे. सोबत आशाताईंना न्यावे.

मार्ककृत शुभवर्तमानाच्या ५ व्या अध्यायातील स्त्रीने बारा वर्षे रक्तस्राव सोसला. लोकांच्या भीतीने ती मागून आली. प्रभूने तिला दटावले नाही, मुलगी म्हणून हाक मारली. आपणही हा आजार पापाची खूण मानू नये. पुष्कळदा त्यात कोणाचाही दोष नसतो.

त्या भगिनीची साखर आता आटोक्यात आहे, खाजही गेली. परवा ती स्वतःच शेजारणीला हाताला धरून घेऊन आली. आपल्या मंडळीतही अशी एखादी भगिनी गप्प बसलेली असेल. तिच्यासाठी प्रार्थना करा, आणि तिच्यासोबत दवाखान्यातही जा.