मोटाररस्त्याने पर्जन्यवनात : भूगोलाचा एक प्रवासपाठ

उष्ण कटिबंधातील पर्जन्यवनांचा पाठ पुष्कळ शाळांत व्याख्येने सुरू होतो आणि व्याख्येनेच संपतो. 'भरपूर पाऊस, सदाहरित वृक्ष, दाट अरण्य' हे शब्द मुले पाठ करतात; परंतु ते अरण्य तेथेच का उभे आहे, ते टिकले कसे आणि नाहीसे होते कसे, या प्रश्नांना त्यांच्यापाशी उत्तर नसते. हाच पाठ एका प्रत्यक्ष रस्त्याने, मुक्काम करीत करीत शिकविला, तर ही उत्तरे मुले स्वतःच शोधू लागतात. असा एक रस्ता ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यावर, क्वीन्सलँड राज्यात आहे. इयत्ता सहावी-सातवीच्या वर्गासाठी त्याचा पाठ येथे दिला आहे.

पूर्वतयारी

साहित्य थोडेच लागते : पृथ्वीगोल, जगाचा नकाशा, सुमारे १३ मीटर लांबीची सुतळी आणि मूठभर फक्की. शाळेच्या पटांगणावर फक्कीने किनाऱ्याची रेघ आखून रस्ता काढावा व प्रत्येक मुक्कामाच्या जागी दगड ठेवावा. वर्गाच्या चार तुकड्या करून एकेका तुकडीकडे एकेक मुक्काम सोपवावा. आपल्या तालुक्यात वर्षाकाठी किती मिलिमीटर पाऊस पडतो, तो आकडा शिक्षकांनी तहसील कचेरीतून आधीच आणून ठेवावा.

प्रस्तावना

ज्ञाताकडून अज्ञाताकडे जावे, हे सूत्र येथे सहज साधते. पृथ्वीगोलावर सांगली-कोल्हापूर दाखवावे. ती विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे १७ अंशांवर आहेत. मग विषुववृत्ताच्या दक्षिणेस तितक्याच अंशांवर बोट नेऊन केर्न्स हे बंदर मुलांना शोधावयास लावावे. अंतर सारखे, परंतु गोलार्ध निराळा. म्हणून तेथील पावसाळा डिसेंबर ते एप्रिल या महिन्यांत येतो. मोटारी मात्र आपल्याप्रमाणेच रस्त्याच्या डाव्या बाजूने धावतात, हे ऐकून मुलांना परकेपणा वाटेनासा होतो.

पहिला मुक्काम : बार्टल फ्रिअरचा पायथा

केर्न्सहून दक्षिणेस निघाले की रस्त्याच्या दुतर्फा उसाचे मळे लागतात आणि त्यांच्यामागे ढगांत बुडालेले डोंगर दिसतात. हे वूरूनूरन राष्ट्रीय उद्यान होय. त्यातील बार्टल फ्रिअर हे क्वीन्सलँडमधील सर्वांत उंच शिखर १,६०० मीटरांहून अधिक उंचीचे, म्हणजे आपल्या कळसूबाईच्या (१,६४६ मीटर) जवळपास जाणारे आहे. हे नाव महाराष्ट्राच्या इतिहासातही भेटते. साताऱ्यास रेसिडेंट असलेला आणि पुढे १८६२ ते १८६७ या काळात मुंबईचा गव्हर्नर झालेला सर बार्टल फ्रिअर तो हाच. तो लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीचा अध्यक्ष असताना, १८७३ मध्ये, या शिखरास त्याचे नाव देण्यात आले.

येथे सुतळी उपयोगी पडते. ती जमिनीवर पसरून पहिली गाठ आपल्या तालुक्याच्या पावसाची मारावी. दुसरी गाठ ४.२ मीटरांवर, एवढा पाऊस पायथ्याच्या बाबिंडा गावी सरासरीने वर्षाकाठी पडतो. तिसरी गाठ १२.४६ मीटरांवर मारावी. शेजारच्या बेलेंडन केर शिखरावर २००० साली १२,४६१ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. मुलांनी या सुतळीच्या कडेने चालून पाहावे; आकड्याने जे समजत नाही ते पावलांनी समजते.

कारणही याच ठिकाणी सांगावे. समुद्रावरून येणारे आग्नेय व्यापारी वारे या डोंगरांवर आदळून वर चढतात, थंड होतात व पाऊस पाडतात. सह्याद्रीवर नैर्ऋत्य मोसमी वारे हेच कार्य करतात. भेद एवढाच की, आंबोली-महाबळेश्वरचा पाऊस बहुतांशी चार महिन्यांत आटोपतो, तर येथे कोरड्या महिन्यांतही तो अगदी तुटत नाही. म्हणून झाडे सदैव हिरवी राहतात. पानांची टोके लांब व निमुळती असतात, त्यांवरून पाणी झटकन निथळते. मातीतील पोषक द्रव्ये वरच्या थरातच असल्यामुळे मोठ्या वृक्षांची मुळे खोल न जाता खोडाभोवती उभ्या फळ्यांसारखी पसरतात.

दुसरा मुक्काम : आथर्टनचे पठार

इनिसफेल गावाहून रस्ता पर्जन्यवनातून वळणे घेत पठारावर चढतो आणि अरण्य एकाएकी संपून गायरानांचा मुलूख लागतो. शिक्षकांनी येथे थांबून विचारावे : 'अरण्य कोठे गेले?' ज्वालामुखीच्या राखेने व लाव्हाने बनलेली ही माती सुपीक. म्हणून इमारती लाकडासाठी आणि नंतर दुभत्या गुरांच्या चराईसाठी ते तोडले गेले. किनाऱ्याच्या सपाटीवर उसासाठी तेच घडले. मुलांनी पटांगणावरील नकाशात उद्यानांच्या जागी हिरवा पाला ठेवला, म्हणजे तो बहुतेक तीव्र उतारांवरच पडतो. सपाट आणि सुपीक जमिनीवर वाचलेले वन ही दुर्मीळ वस्तू आहे, हा या पाठाचा मध्यवर्ती मुद्दा होय.

पठारावरील बॅरीन व ईचम ही तळी ज्वालामुखीच्या स्फोटाने पडलेल्या खळग्यांत साठली आहेत व त्यांच्या काठचे वन राखलेले आहे. युंगाबुरा गावाजवळ 'पडद्याचा वड' म्हणून प्रसिद्ध असलेला वृक्ष उभा आहे. पक्ष्याच्या विष्ठेतून बी एका झाडाच्या फांदीवर पडले, तेथून मुळे जमिनीपर्यंत उतरली व त्यांनी आधारवृक्षाला आवळून टाकले. तो वृक्ष शेजारच्या झाडावर कलला आणि तिरप्या खोडावरून सुटलेल्या मुळांचा सुमारे १५ मीटरांचा पडदा तयार झाला. जुन्या भिंतीत रुजलेला पिंपळ ज्यांनी पाहिला आहे, त्यांना अधिक सांगावे लागत नाही.

तिसरा मुक्काम : डेंट्री नदी

केर्न्सच्या उत्तरेस सुमारे १०० किलोमीटरांवर रस्ता डेंट्री नदीच्या काठी येऊन थांबतो. नदीत मगरी आहेत, आणि पूल नाही. मोटारी तारेच्या दोराने ओढल्या जाणाऱ्या फेरीबोटीतून पलीकडे जातात. तेथे डोंगरापासून थेट समुद्राच्या वाळूपर्यंत उतरलेले सखल प्रदेशातील पर्जन्यवन शिल्लक आहे.

हे वन किती प्राचीन, याची साक्ष १९७१ साली मिळाली. तेथील एका कुरणातील काही गुरे विषबाधेने मेली. त्यांच्या पोटात मोठाली, अनोळखी बीजे आढळली. ती इडिओस्पर्मम या वृक्षाची होती. हा वृक्ष नष्ट झाला असावा, अशी वनस्पतिशास्त्रज्ञांची समजूत होती. ऑस्ट्रेलिया आणि भारत एकाच गोंडवन भूखंडाचे भाग होते, त्या काळाशी नाते सांगणारी ही वनस्पतिकुळे आहेत. त्या भूखंडाचे नाव मध्य भारतातील गोंडांच्या प्रदेशावरूनच पडले आहे.

याच वनात कॅसोवरी हा उंच, उडता न येणारा पक्षी राहतो. तो मोठाली फळे सगळीच गिळतो व त्यांची बीजे दूरवर टाकतो. अंडी उबविणे व पिल्ले सांभाळणे ही कामे नर करतो. काही वृक्षांची बीजे इतकी मोठी असतात की, ती दूर नेणारा दुसरा पक्षी नाही. हा पक्षी वेगाने धावणाऱ्या मोटारीखाली सापडला, तर एका पक्ष्याबरोबर पुष्कळ झाडांची पेरणीही थांबते.

चौथा मुक्काम : केप ट्रिब्युलेशन

ट्रिब्युलेशन म्हणजे आपत्ती. १७७० च्या जून महिन्यात कॅप्टन जेम्स कुकचे 'एंडेव्हर' जहाज येथून जवळच प्रवाळाच्या खडकावर आदळले; त्यावरून त्याने भूशिराला हे नाव दिले. डांबरी रस्ता येथे संपतो. पुढील कच्च्या रस्त्याचे काम १९८३ च्या डिसेंबरात सुरू झाले, तेव्हा अरण्य वाचवू पाहणारी माणसे यंत्रांपुढे आडवी झाली. १९८४ मध्ये रस्ता झाला. परंतु त्या वादाने साऱ्या देशाचे लक्ष वेधले आणि १९८८ मध्ये सुमारे ९ हजार चौरस किलोमीटर प्रदेश जागतिक वारसा म्हणून घोषित झाला. सप्टेंबर २०२१ मध्ये डेंट्री राष्ट्रीय उद्यानाची मालकी ईस्टर्न कुकू यलांजी या मूळ रहिवाशांना परत देण्यात आली. ते आणि राज्य सरकार मिळून त्याचा कारभार पाहतात.

चर्चा व उपयोजन

आता वर्गापुढे एकच प्रश्न ठेवावा : डेंट्री नदीवर पूल बांधावा की फेरीबोटच ठेवावी? नदीपलीकडे माणसे राहतात. आजारी माणसास तातडीने नेणे, मालाची ने-आण, पुराच्या वेळी अडकून पडणे, या त्यांच्या अडचणी खऱ्या आहेत. उलटपक्षी पूल झाल्यास वाहने वाढतील, वेग वाढेल, वस्ती वाढेल व किनाऱ्याच्या सपाटीवर जे घडले तेच येथे घडेल, ही भीतीही खरी आहे. ज्या गावी ओढ्यावर पूल नसल्यामुळे पावसाळ्यात मुलांची शाळा बुडते, तेथील मुले पुलाच्या बाजूने हिरिरीने बोलतील. शिक्षकांनी त्यांना गप्प बसवू नये. तो त्यांचा अनुभव आहे. दोन्ही बाजूंनी बोलून झाल्यावर मुलांस बाजू बदलून पुन्हा बोलावयास लावावे. निर्णय शिक्षकांनी देऊ नये.

पाठानंतर पुढील स्वाध्याय द्यावा :

१. गावच्या देवराईतील किंवा जवळच्या रानातील पाच झाडांची फळे कोणते पक्षी-प्राणी खातात, ते वडीलधाऱ्यांना विचारून लिहावे.

२. शाळेपर्यंतच्या वाटेवर कोणते प्राणी रस्ता ओलांडताना दिसतात, याची आठवडाभर नोंद ठेवावी.

३. आपल्या शिवारात रान कोठे उरले आहे : सपाटीवर की उतारावर? त्याचा कच्चा नकाशा काढावा.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्या मुलाला स्वतःच्या शिवारात सापडेल, त्याला पर्जन्यवनाची व्याख्या पाठ करावयास सांगण्याची गरज उरणार नाही.