आधी काच, मग कॅमेरा

निपाणी
आषाढ शुद्ध पंचमी

चि. सोनू,

तुझं पत्र आणि फोटोंचा पेनड्राइव्ह तुझ्या बाबांनी काल आणून दिला. बेळगावात शहापुरातला एक लग्नाचे फोटो काढणारा मिररलेसकडे वळतोय आणि त्याचा निकॉन डी७५०, नुसती बॉडी, पन्नास हजारांना द्यायला तयार आहे, घेऊ का, असं तू विचारलंयस. उद्यमबागेतल्या पहिल्या नोकरीतनं पै-पै करून साठवलेले हे पैसे आहेत. फोनवर हो-नाही करून विषय उडवावा असं मला वाटलं नाही, म्हणून लिहायला बसलो.

आत्ता घेऊ नकोस. आधी एक चांगली लेन्स घे, दिवाळीपर्यंत भरपूर फोटो काढ, मग बॉडीचं बघू.

वापरलेली वस्तू आहे म्हणून मी नको म्हणत नाही. जुन्या यंत्रावर आपल्या भागात केवढं काम उभं राहिलंय! कोल्हापुरात आनंदराव पेंटरांनी मुंबईच्या चोरबाजारातनं जुना प्रोजेक्टर आणला आणि त्याचाच सिनेमाचा कॅमेरा करायचा घाट घातला. १९१६ साली ते गेले. त्यांच्या मागं बाबूराव पेंटर आणि त्यांचे सहकारी दामले त्या कामाला चिकटून राहिले, १९१८ मध्ये कॅमेरा चालता केला, आणि १९२० मध्ये ‘सैरंध्री’ हा सिनेमा पडद्यावर आला. यंत्र कशासाठी हवंय हे त्या माणसांना पक्कं ठाऊक होतं. तुझ्याकडनं मला तेवढंच हवंय. तुझा आत्ताचा डी३३०० तुला नेमका कुठला फोटो काढू देत नाही, हे तू पत्रात कुठंच लिहिलेलं नाहीस. ते मला तुझ्या फोटोंतनंच शोधावं लागलं.

शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीचे फोटो मी एकेक उघडून, त्यांची माहिती वाचत बघितले. मारुती गल्लीतली गर्दी, चित्ररथांवर झगमगाट आणि खाली माणसांच्या तोंडावर अंधार. तलवार फिरवणाऱ्या त्या पोराचा चेहरा तू बरोबर पकडलायस, पण हात पार फिसकटलाय आणि तलवारीची नुसती पांढरी रेघ उरलीय. शटर १/३०, आयएसओ ६४००, अ‍ॅपर्चर एफ ४.५. दोष इथं आहे. तुझी १८-५५ ची किट लेन्स त्या झूमला याहून जास्त उघडतच नाही. कॅमेऱ्यानं बिचाऱ्यानं आयएसओ चढवत नेला, शटर खाली आणलं, त्याला दुसरं करता काय येणार होतं?

आता हिशेब बघ. डी७५०चा सेन्सर तुझ्या कॅमेऱ्याच्या सव्वादोन पट मोठा. अंधारात त्याचा फायदा साधारण तेवढाच, दुपटीहून थोडा जास्त. त्याउलट ३५ मिलिमीटर एफ १.८ ही छोटी डीएक्स लेन्स तुझ्या आहे त्याच कॅमेऱ्याला लावलीस, तर त्याच जागी सहा पट उजेड आत येतो. १/३० चं शटर १/२०० च्या आसपास जातं. पोराचा हात थांबतो. आणि ही लेन्स वापरलेली घेतलीस तर त्या बॉडीच्या किमतीपुढं ती किरकोळ पडेल.

आणखी एक गोष्ट त्या विकणाऱ्यानं तुला सांगितली नसेल. तुझी किट लेन्स लहान सेन्सरसाठी केलेली आहे. ती डी७५०ला बसते, पण कॅमेरा मधलाच भाग वापरतो आणि २४ मेगापिक्सेलचा फोटो जेमतेम १० मेगापिक्सेलचा होतो. म्हणजे पन्नास हजार मोजून घरी आल्यावर तू आहेस तिथंच, उलट फुल फ्रेमच्या लेन्स घ्यायचा खर्च पुढं उभाच. बॉडी घेतलीस आणि हात रिकामे झाले, असं व्हायला नको.

उन्हाळ्यात इथं आली होतीस तेव्हा शेजारच्या आक्कांचा विडी वळताना काढलेला फोटोही त्याच पेनड्राइव्हमध्ये आहे. तो मी मोठा करून बराच वेळ बघत बसलो. मांडीवर सूप, सुपात जर्दा, कातरलेलं तेंदूपान दोन बोटांत वळतंय, दोऱ्याचा वेढा अजून अर्धाच पडलाय. दाराकडनं येणारा उजेड आडवा बोटांवर पडलाय आणि नखांच्या कडेला चढलेला तंबाखूचा रंगसुद्धा त्यात दिसतो. निपाणीत जन्म काढलेल्या मला हे दृश्य रोजचं, तरी तुझ्या फोटोत मी ते नव्यानं बघितलं. कॅमेरा हाच, लेन्स हीच. तू दाराच्या कुठल्या बाजूला बसायचं ते ओळखलंस, आक्कांशी आधी बोललीस, त्यांचा हात परत त्याच जागी येईपर्यंत थांबलीस. या फोटोत डी७५०नं काडीचीही भर घातली नसती. असे फोटो आणखी काढ. तंबाखूच्या वखारीत गेलीस तर मात्र लेन्स बदलू नकोस, तिथली धूळ सेन्सरवर बसली की सहजी निघत नाही.

लेन्स घेताना तिच्यावर ‘एएफ-एस’ लिहिलंय ना ते बघ. निकॉनच्या जुन्या ‘एएफ-डी’ लेन्स स्वस्त मिळतात, पण त्यांना फोकस करायला कॅमेऱ्यात मोटर लागते आणि ती तुझ्या डी३३०० मध्ये नाही. हातानं फोकस करत बसावं लागेल. मिरवणुकीत ते जमायचं नाही.

मग गणपतीत कपिलेश्वर तलावाच्या विसर्जनाला ही लेन्स घेऊन जा. तरीही फोकस चुकत राहिला, कॅमेरा अंधारात पुढं-मागं चाचपडत राहिला, तर मात्र दोष बॉडीचा. तुझ्या कॅमेऱ्यात फोकसचे ११ बिंदू आहेत. २०१५ साली आलेल्या डी७२०० मध्ये ५१, आणि तो पुष्कळ कमी उजेडातही फोकस धरतो. सेन्सर तुझ्याच मापाचा, त्यामुळं तुझ्या दोन्ही लेन्स पुऱ्या चालतील, आणि मोटर आत असल्यानं त्या स्वस्त एएफ-डी लेन्सही. माझ्या मते तुझी पुढची पायरी ती आहे. फुल फ्रेमचं आकर्षण मला कळतं, पण ते तुझ्या फोटोंतनं आलेलं नाही, दुसऱ्याच्या गळ्यातला कॅमेरा बघून आलंय.

बॉडी कुणाचीही बघितलीस तरी त्याच्याकडं त्याच वेळी काढलेला एक जेपेग माग. शटर किती वेळा चाललंय तो आकडा निकॉन त्या फाइलमध्येच लिहून ठेवतो. डी७२०० आणि डी७५०, दोन्हींचं शटर दीड लाख वेळांसाठी तपासलेलं असतं. आता एका लग्नात अडीच हजार फोटो धर. साठ लग्नांत दीड लाख झाले, आणि आपल्याकडं तुळशीच्या लग्नापासनं ज्येष्ठापर्यंत हे लोक किती लग्नं करतात ते तुला सांगायला नको. दीड लाख झाले म्हणजे शटर दुसऱ्या दिवशी मोडतं असं नाही, पण किंमत त्या हिशेबानं पाडून मागायची. डी७५०च्या सुरुवातीच्या काही नगांचं शटर निकॉननं स्वतः बदलून द्यायचं जाहीर केलं होतं. पुढंमागं तो घ्यायची वेळ आलीच तर नंबरावरून त्याची चौकशी कर. मूळ बिल आणि बॉडीखालचा नंबर जुळला पाहिजे. बिल हरवलंय म्हणणाऱ्याकडनं घेऊ नकोस, कितीही स्वस्त असो. कुणाच्या तरी घरातनं चोरीला गेलेली वस्तू आपल्याकडं नको.

लेन्सच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त घाबरतो ते बुरशीला. बेळगाव-खानापूरचा पाऊस आणि गोव्याकडची हवा, दोन्ही लेन्सच्या वैरी. दुकानातल्या दिव्याखाली काच लखलखीत दिसते. तू टॉर्च ने. दोन्ही टोपणं काढ, मागची छोटी दांडी बोटानं सरकवून अ‍ॅपर्चर पूर्ण उघड, मागनं टॉर्च मार आणि पुढनं तिरकं बघ, सरळ नाही. धुळीचे चार कण दिसले तर सोडून दे, फोटोत ते येत नाहीत. पण काचेच्या कडेनं कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू आत पसरत गेलेले दिसले, तर लेन्स तिथंच खाली ठेव आणि नमस्कार करून बाहेर पड. साफ करून देतो म्हणतील. साफ केली तरी काचेवरचा लेप खाल्लेला असतो, तो परत येत नाही.

तुझी स्वतःची लेन्सही कपाटातल्या त्या रेग्झिनच्या पिशवीतनं बाहेर काढ. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा आण, त्यात सिलिका जेलची पुडी ठेव. निळे दाणे गुलाबी झाले की त्यांनी पाणी पुरेसं ओढलं असं समजायचं. स्वयंपाकाला न लागणाऱ्या जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवले की परत निळे होतात. श्रावणात गोकाकच्या धबधब्यावर जाशील तेव्हा फार वेळ कॅमेरा उघडा धरू नकोस, तुषार थेट अंगावर येतात.

शहापूरच्या त्या माणसाला सध्या नाही म्हणून स्पष्ट सांग, उगाच झुलवत ठेवू नकोस. मात्र त्याच्याकडं ३५ ची लेन्स पडून आहे का ते नक्की विचार, लग्नवाल्यांकडं असते. असली तर पैसे देण्याआधी मला फोन कर. मला यायला जमलं तर दोघं मिळून बघू, नाही तर टॉर्च मारून काढलेला फोटो पाठव.

तुझ्या आईला नमस्कार सांग.

तुझा
मामा