निदानानंतरची निवड

जयपूर शहराच्या उत्तरेस सीकर रस्त्यालगत विश्वकर्मा औद्योगिक क्षेत्र वसलेले आहे. तेथील एखाद्या कारखान्यात यंत्रावर काम करणाऱ्या साठीच्या कारागिराला प्रॉस्टेटचा कर्करोग असल्याचे निदान झाले, अशी कल्पना करावी. ‘लगेच शस्त्रक्रिया करून घ्या’ असा आग्रह आप्तेष्ट धरतात. परंतु या रोगात घाई नेहमीच हिताची ठरते असे नाही.

प्रॉस्टेट किंवा अष्ठीला ग्रंथी मूत्राशयाच्या खाली, मूत्रमार्गाभोवती असते. तिचा कर्करोग पुष्कळदा मंदगतीने वाढतो. म्हणून रोग ग्रंथीपुरताच आहे की हाडांपर्यंत पोचला आहे आणि त्याच्या पेशी किती उग्र आहेत, हे प्रथम जाणून घ्यावे लागते.

रोग मर्यादित असल्यास तीन मार्ग संभवतात : ग्रंथी काढून टाकणे, किरणोपचार करणे, किंवा नियमित तपासण्या करीत रोगावर लक्ष ठेवणे. ब्रिटनमध्ये 50 ते 69 वर्षे वयाच्या अशा 1,643 रुग्णांची या तीन गटांत विभागणी करण्यात आली. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, सुमारे 15 वर्षांत त्यांपैकी 45 जण या कर्करोगाने दगावले आणि तिन्ही गटांत या मृत्यूंचे प्रमाण जवळजवळ सारखेच होते. मात्र लक्ष ठेवलेल्या गटात रोग पसरण्याचे प्रमाण इतर गटांच्या सुमारे दुप्पट आढळले. उलट, शस्त्रक्रियेमुळे लघवीवरील ताबा सुटण्याचा व लैंगिक शक्ती क्षीण होण्याचा धोका अधिक असतो. किरणोपचारांनी आतड्यांचा त्रास उद्भवू शकतो. पाळीभर यंत्रापाशी उभे राहणाऱ्याला लघवीवरील ताबा हा पोटापाण्याचाही प्रश्न असतो आणि किरणोपचारांसाठी कित्येक दिवस रुग्णालयात खेपा घालताना रोजगार बुडतो.

रोग पसरला असेल तर निवड बदलते. पुरुषी संप्रेरक रोखल्यास हा रोग आटोक्यात येतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी 1941 साली दाखविले. त्यांना 1966 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यासाठी वृषणे काढणे हा एकदाच करावयाचा, अल्पखर्चाचा उपाय आहे; पण तो कायमचा असतो. इंजेक्शने थांबविता येतात. परंतु ती पुनःपुन्हा घ्यावी लागतात आणि खर्च चालूच राहतो. अलीकडे त्यांच्या जोडीला इतर औषधेही दिली जातात.

म्हणून रुग्णाने डॉक्टरांना स्पष्ट विचारावे : रोग कोणत्या अवस्थेत आहे? थांबल्यास काय धोका आहे? उपचाराने काय मिळेल, काय गमवावे लागेल? रोगाची माहिती डॉक्टर देऊ शकतात. कोणती हानी सोसवेल, हे मात्र रुग्णानेच ठरवावयाचे असते.