दुपारच्या डोसाबद्दल

चि. सायलीस,



वहिनींच्या फोनवरून कळलं, की रविवारी तुला बघायला आलेल्या पाहुण्यांसमोर तू बशीभर पोहे खाल्लेस, साखरेचा चहाही घेतलास, आणि इन्सुलिन मात्र टाळलंस. ऑफिसातही दुपारचा डोस अधूनमधून चुकतो म्हणे. ऐकल्यापासून जिवाला घोर लागला आहे. तुझा टाइप १ मधुमेह अण्णांच्या साखरेसारखा नाही, हे मी तुला सांगायला नको. अण्णांच्या शरीरात थोडंफार इन्सुलिन बनतं. टाइप १ मध्ये ते बनवणाऱ्या पेशी शरीराची प्रतिकारशक्तीच मारून टाकते. गोड खाऊन हा आजार होत नाही, पण डोस टाळले तर तो जिवावर बेततो. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला इन्सुलिन टोचलं गेलं. त्याआधी अशा मुलांना अर्धपोटी ठेवून थोडे दिवस वाढवण्यापलीकडे डॉक्टरांच्या हाती काही नव्हतं.

"आधी जमू दे, मग सांगू," हे वहिनींचं म्हणणं मायेपोटी आहे, पण दुपारचा डोस लग्न जमायची वाट बघत नाही. १९९३ साली अमेरिकेतल्या मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष आले. दिवसाला तीन-चार इंजेक्शनं किंवा पंप वापरून साखर काटेकोर ठेवणाऱ्यांत डोळ्यांच्या पडद्याचा विकार नव्याने सुरू होण्याचा धोका ७६ टक्क्यांनी कमी झाला होता. चारचौघांत पेन काढायची चोरी असेल, तर ही काटेकोरी साधायची कशी? बाथरूमच्या दाराआड घाईघाईने टोचलेला किंवा टाळलेला डोस, ही त्या लपवाछपवीची खरी किंमत. देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. अण्णांच्या गोळ्या ताटाशेजारी असतात, त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. तरुण मुलीच्या हातात सुई दिसली, की मात्र "मुलांना होईल का?" हा प्रश्न येतो. त्याचंही उत्तर आहे. आईला टाइप १ असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता शंभरात एक ते चार, आणि वडिलांना असेल तर सुमारे सहा. म्हणजे हा प्रश्न मुलापेक्षा मुलीला जास्त विचारण्याला शास्त्राचा काडीचा आधार नाही.

सांगितल्यावर नकार आला तर? येईलही, आणि तो लागेल, हे मी नाकारत नाही. पण पहाटे तीनला साखर पन्नासवर आली, अंगाला दरदरून घाम सुटला, बोलता येईना, तर शेजारी झोपलेल्या माणसाला ग्लुकोजची पावडर कुठे आहे आणि ती कधी द्यायची, हे माहीत असायला हवं. ज्याला आजारच माहीत नाही, त्याला हे कुठून ठाऊक असणार? नकारापेक्षा मला त्या पहाटेची भीती जास्त वाटते.

फार रागावले का? रोज चार वेळा टोचून घ्यायचं, प्रत्येक घासाचा हिशेब ठेवायचा, वर कुणाला कळू द्यायचं नाही. एवढं सगळं तू एकटी पेलते आहेस. कंटाळा येणारच, पोरी. डॉक्टरांना तोही सांग. या आजारात असा थकवा येतो हे त्यांना चांगलं ठाऊक असतं, त्यात तुझा काही कमीपणा नाही. वहिनींशी आणि दादाशी मी बोलते, ते तू माझ्यावर सोड. उद्या दुपारी डोस घेतलास की मला एक मेसेज टाक. नुसतं "घेतलं" एवढंच लिही. आणि नाहीच घेतलास, तरी लिही. मी रागावणार नाही, लगेच फोन करेन.

तुझी,
आत्या