आधी ट्रेड, मग कार्बनचा हिशेब

आयटीआय करून पोरगं नाशिकच्या सातपूर-अंबडला कंत्राटी हेल्परच होणार, ही सुरगाण्यातल्या आईवडिलांची धास्ती खोटी नाही. पण त्याच कारखानदारीत एक नवं काम तयार होतंय: कार्बनचा हिशेब ठेवण्याचं.

युरोपीय संघाने १ जानेवारी २०२६ पासून बाहेरून येणाऱ्या पोलादावर कार्बनचा आकार लागू केला. नट-बोल्टसुद्धा त्यात आले. (वर्षाला ५० टनांपर्यंत माल मागवणाऱ्या आयातदाराला सूट आहे, म्हणून किरकोळ ऑर्डरवाले तूर्त सुटले.) पैसे भरणार तिकडचा आयातदार, पण टनामागे किती कार्बन डायऑक्साइड हवेत गेला तो आकडा मागणार आपल्या कारखान्याकडे. पडताळलेला आकडा नसेल तर युरोप स्वतःचा ठोकताळा लावतो आणि तो सहसा महागात पडतो. माल चोख असूनही नोंदी नाहीत म्हणून गिऱ्हाईक जायचं! आपल्या केंद्र सरकारनेही डिसेंबर २०२४ मध्ये ‘हरित पोलाद’ ठरवलं: टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन. १.६ च्या खाली गेलात तर पाच तारे.

आकडा निघतो कसा? जालन्याच्या भट्ट्यांत भंगार विजेवर वितळवून सळ्या करतात. टनाला ६०० युनिट लागले आणि युनिटमागे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड धरला, तर नुसत्या विजेचे ४२० किलो झाले. सोबत स्पंज आयर्न टाकलं की आकडा उडी घेतो, कारण ते आपल्याकडे बहुतांशी कोळशावर बनतं. गणित आठवीचं आहे. मीटर, वजनकाट्याची पावती आणि पुरवठादाराचा कागद रोज जुळवणं, हे खरं अवघड.

म्हणून महागड्या ऑनलाइन ‘सस्टेनेबिलिटी’ सर्टिफिकेटवर पैसे घालू नका. भट्टी न पाहिलेल्याला हा हिशेब पेलत नाही. दहावीनंतर इलेक्ट्रिशियन किंवा फिटर, तिथून डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला, जोडीला एक्सेल. डिप्लोमानंतर सहा वर्षांचा संबंधित अनुभव झाला की ऊर्जा दक्षता ब्युरोची एनर्जी मॅनेजरची परीक्षा देता येते. बारावी सायन्स चांगलं गेलं तर पुण्याच्या सीओईपीत, नागपूरच्या व्हीएनआयटीत मेटलर्जी आहे. कॉम्प्युटरच्या रांगेत लागण्याआधी तिकडेही बघा.

राहण्या-जेवणाच्या खर्चासाठी कळवणच्या आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात वसतिगृहाची आणि बारावीपुढच्या शिक्षणासाठी स्वयम् योजनेची चौकशी करा. आणि अप्रेंटिसशिपला जागा निवडताना मुलाने विचारावं, विजेची नोंद मशीनवार ठेवता की अख्ख्या कारखान्याचं एकच बिल? मशीनवार नोंद असेल तिथे पगार थोडा कमी असला तरी जाऊ द्या.